ड्यूकच्या बँडमधला गळा

संशयी : ड्यूक एलिंग्टनवरची माझी श्रद्धा कुणापेक्षा कमी नाही, पण त्याची गायनाची रेकॉर्ड लागली की ती डळमळते. बँड सुरू होतो, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनचे रंग एकमेकांत मिसळू लागतात, कान टवकारतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी माइकपाशी येऊन प्रेमभंगाची कैफियत मांडू लागतं. तीन मिनिटांच्या तबकडीतलं एक मिनिट त्यात खर्ची पडतं. बँड परततो, पण तोवर घडी विस्कटलेली असते.

मार्च १९४० मधलं 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' घे. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्सच्या म्यूटचे, म्हणजे वाद्याच्या तोंडावर लावून आवाज बदलणाऱ्या टोपणाचे, सगळे स्वभाव ओळखून एलिंग्टनने ते लिहिलं. फ्रेंच समीक्षक आंद्रे होदेरने या एका रचनेवर सविस्तर निबंध लिहिला आणि तिला जॅझच्या श्रेष्ठ कृतींत बसवलं. तिची मुख्य ओळ दहा बारांची, म्हणजे तालाच्या दहा आवर्तनांची आहे. आठ बारांच्या चौकटीला सरावलेला कान जिथे थांबायला जातो, तिथून ती आणखी दोन पावलं पुढे जाते. सगळी गंमत त्या दोन पावलांत आहे. तीन वर्षांनी बॉब रसेलचे शब्द त्या सुरावटीवर बसले, 'डू नथिंग टिल यू हिअर फ्रॉम मी' हे गाणं झालं, आणि ओळ निमूटपणे आठ बारांची झाली. गाणं गाजलं, पण दोन बार कापले गेले ते गेलेच.

जॉनी हॉजेससाठी एक, लॉरेन्स ब्राउनसाठी दुसरं, हॅरी कार्नीसाठी तिसरं, असं प्रत्येकाच्या फुंकरीचं माप घेऊन लिहिणारा हा माणूस. गायकांच्या बाबतीत त्याचे कान कुठे जात होते?

चाहता : तू गोष्ट १९४० पासून सांगतोस, ती १९२७ पासून सांगायला हवी. ऑक्टोबर १९२७ मध्ये, न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमधली बँडची नोकरी सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, एलिंग्टनने 'क्रिओल लव्ह कॉल' मुद्रित केलं. मूळ सुरावट कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या 'कॅम्प मीटिंग ब्लूज'मधून आलेली. तीन क्लॅरिनेट ती वाजवतात आणि त्यांच्या मधल्या जागांत अॅडलेड हॉलचा आवाज येतो, एकाही शब्दाशिवाय. दौऱ्यावर असताना ती विंगेत उभी राहून बँडबरोबर काहीतरी गुणगुणत होती. एलिंग्टनने ते ऐकलं आणि तेच रेकॉर्डवर गायला लावलं, अशी हकिगत आहे.

त्या बँडमध्ये बबर मायली होता. नळ तुंबल्यावर वापरतात त्या पंपाचा रबरी कप ट्रम्पेटच्या तोंडावर धरून तो गुरगुरायचा, विव्हळायचा, चक्क बोलायचा. 'क्रिओल लव्ह कॉल'च्या शेवटाकडे अॅडलेड हॉल तशीच गुरगुरते. म्हणजे वाद्य माणसाच्या गळ्याची नक्कल करतंय आणि गळा त्या वाद्याची. एलिंग्टनचा नाद तिथेच घडला. त्याच्या संगीतात गळा बाहेरून आलेला पाहुणा नाही. ट्रम्पेट कसं वाजावं हेच मुळात गळ्याने ठरवलं.

पुढे १९३१ मध्ये गायिका आयव्ही अँडरसन आली. फेब्रुवारी १९३२ मधली 'इट डोन्ट मीन अ थिंग' ही तिची बँडबरोबरची पहिली रेकॉर्ड. ती सुरुवातीलाच निरर्थक अक्षरांशी खेळत येते, मग शब्दांकडे वळते आणि म्यूट लावलेली ट्रम्पेटं तिला उत्तरं देतात. तिचा आवाज मोठा नव्हता. पण साधा, कोरडा आणि तालात पक्का होता. त्या रेकॉर्डमधून तिला काढून बघ, मागे काय उरतं?

संशयी : तू माझंच काम सोपं केलंस. अॅडलेड हॉलने शब्द उच्चारलेच नाहीत, आणि आयव्हीचं तू पहिल्यांदा कौतुक केलंस ते निरर्थक अक्षरांचं. मग मी माझी तक्रार दुरुस्त करतो. मला गळ्याचा त्रास नाही, शब्दांचा आहे.

ते शब्द आले कुठून? 'सॉफिस्टिकेटेड लेडी' आधी वाद्यांची रचना होती, नंतर मिचेल पॅरिशने तिच्यावर शब्द चढवले. ते शब्द आपल्या मूळ कल्पनेशी पुरते जुळत नाहीत, असं खुद्द एलिंग्टनला वाटत होतं. 'मूड इंडिगो' १९३० मध्ये वाद्यांवर आलं. म्यूट लावलेलं ट्रम्पेट, म्यूट लावलेला ट्रॉम्बोन आणि त्यांच्या खाली, आपल्या खालच्या पट्टीत, क्लॅरिनेट, अशी उलटीपालटी मांडणी. त्या मांडणीलाच दुःख आहे. मग शब्द आले आणि त्यांनी ऐकणाऱ्याला बजावलं की हे दुःख आहे बरं का! या गाण्यांच्या श्रेयात व्यवस्थापक आणि प्रकाशक अर्विंग मिल्सचंही नाव झळकतं. 'नेव्हर नो लॅमेंट'चंही तेच झालं. १९४० ची वाद्यरचना, दोन वर्षांनी रसेलच्या शब्दांसह 'डोन्ट गेट अराउंड मच एनीमोअर' झाली. हा सगळा व्यवहार नोटांचे कागद विकणाऱ्यांचा आहे. रचना तयार असते आणि तिच्यावर विक्रीसाठी शब्दांची पट्टी चिकटवली जाते.

चाहता : व्यवहाराला इतकं तुच्छ लेखू नकोस. 'नेव्हर नो लॅमेंट'चं गाणं लोकप्रिय झाल्यावर व्हिक्टर कंपनीने १९४० ची तीच वाद्यांची तबकडी नव्या नावाने पुन्हा बाजारात आणली आणि ती जोरात खपली. शब्दांनी तुझ्या आवडत्या तबकडीला दुसरा जन्म दिला. या गाण्यांच्या रॉयल्टीतून एलिंग्टन पंधरासोळा वादकांना बारमाही पगार देत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक मोठे बँड एकामागून एक मोडले, याचा १९७४ मध्ये तो जाईपर्यंत टिकला. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी हॉजेसच्या सॅक्सोफोनवर ऐकण्याची चैन त्याला त्या शब्दांनीच पुरवली.

काळही बघ. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांपुरता तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालला. गायक त्या संघटनेत नव्हते, त्यामुळे ते कोरसच्या साथीवर गात राहिले आणि रेकॉर्ड काढत राहिले. वाद्यं परतली तोवर श्रोत्यांना गायकांची सवय लागली होती. त्या जगात एलिंग्टनने गाण्याकडे पाठ फिरवायची म्हणजे बँडला टाळं लावायचं.

राहिला अल हिब्लरचा प्रश्न, कारण तुझा खरा राग त्याच्यावर आहे. हा अंध गायक १९४३ ते १९५१ बँडबरोबर होता. मध्येच जाडसर होणारा, एकदम खर्जात बुडी मारणारा, शब्द पिळून वाकडा करणारा आवाज. एलिंग्टन त्याच्या गाण्याला सुरांचं मूकनाट्य म्हणायचा. तुला तो अतिरेक वाटतो. मला वाटतं, कूटीचा म्यूट जे करत होता तेच हिब्लर करतो, फक्त शब्दांच्या आत शिरून. कूटीने केलं की कला आणि हिब्लरने केलं की विचित्रपणा, हा कुठला न्याय?

संशयी : कूटी कुणाच्या ओळीत घुसखोरी करत नाही, हा न्याय. हिब्लर प्रत्येक शब्दावर अभिनय करतो, आणि त्या शब्दांची लायकी तेवढी नसते. ही मूळ अडचण आहे. १९४० च्या अखेरीस मुद्रित झालेल्या 'फ्लेमिंगो'मध्येही तेच. हर्ब जेफ्रीज सुरेल गातो, एलिंग्टनचा सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्नने त्याच्या मागे बँडचं असं जाळं विणलंय की त्याचा स्वतंत्र अभ्यास करावा. पण गाणं एलिंग्टनचं नाही, स्ट्रेहॉर्नचंही नाही. उसन्या गाण्यावर इतकी कारागिरी खर्च करायची आणि तेच बँडचं गाजलेलं यश ठरायचं.

चाहता : मग शब्द आणि सूर एकत्रच जन्मले असं एक उदाहरण घेऊ. २३ जानेवारी १९४३, कार्नेगी हॉल. 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज', आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या इतिहासावरची पाऊण तासाची रचना. तिच्या 'ब्राउन' या भागाच्या शेवटी बेटी रोशेने 'द ब्लूज' गायलं. त्याचे शब्द एलिंग्टनचे स्वतःचे. ओळ एकेका शब्दाने वाढत जाते, टोकाला पोचते आणि पुन्हा एकेका शब्दाने आटत जाते. मधल्या भागात ब्लूजची नेहमीची बारा बारांची चौकट वाद्यांकडे येते आणि गायिका तिच्या अलीकडे-पलीकडे उभी राहते. ब्लूजच्या आकृतीत न बसणारं ब्लूजविषयीचं गाणं! शब्द काढले तर ही रचना उभीच राहत नाही. इथे पट्टी चिकटवलेली नाही, शब्द हाच सांगाडा आहे.

संशयी : हे मान्य. इतकं मान्य की त्यामुळे माझा पुढचा प्रश्न जास्त टोकदार होतो. त्या मैफिलीवर समीक्षक तुटून पडले. जॉन हॅमंडने तर एलिंग्टन जॅझ सोडून चालला आहे का, असंच विचारलं. पूर्ण रचना मोजक्या प्रयोगांनंतर बाजूला पडली. ठीक आहे, तेव्हा तो टीकेला आणि बाजाराला बांधलेला होता असं समजू. पण पुढे त्याला मोकळीक मिळाली. १९५७ मध्ये टेलिव्हिजनवर 'अ ड्रम इज अ वूमन' झालं. निवेदन त्याचं, शब्द त्याचे आणि स्ट्रेहॉर्नचे. जॅझच्या जन्माची ती रूपककथा आज शीर्षकापासूनच अडखळायला लावते. एलिंग्टनचं गुळगुळीत निवेदन चालू असताना मी बँड कधी परततो याची वाट बघतो.

त्यानंतर पवित्र संगीताच्या तीन मैफिली. पहिली १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये, दुसरी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइनमध्ये, तिसरी १९७३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत. आपण केलेलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, असं तो म्हणायचा. गायक, कोरस, निवेदन, नृत्य, सगळं आहे. आणि शब्द? पहिल्या मैफिलीत कोरस बायबलमधल्या पुस्तकांची नावं म्हणतो. दुसरीत स्वातंत्र्य हा शब्द निरनिराळ्या भाषांतून उच्चारला जातो. श्लेष आहेत, उपदेश आहे. इथे मिल्स नाही, पॅरिश नाही, कुणाची घाई नाही. दोष द्यायला एलिंग्टनशिवाय कुणी उरत नाही.

याच वर्षांतलं दुसरं टोक बघ. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर बँड आशियात आला, मुंबई, दिल्ली, कोलकात्यातही वाजला. त्या अनुभवातून एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्नने 'फार ईस्ट स्वीट' लिहिलं आणि डिसेंबर १९६६ मध्ये ते मुद्रित झालं. त्यात दिल्लीच्या मैनेची शीळ आहे, पण ती जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर. आग्रा आहे, तो हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सोफोनवर. माणसाचा गळा एकदाही येत नाही. उतारवयातलं त्याचं काम कुणाला ऐकवायचं झालं तर तू आधी यातलं काय लावशील? खरं सांग.

चाहता : 'फार ईस्ट स्वीट' लावीन. पण त्यावरून तू काढतोस तो निष्कर्ष मी काढणार नाही.

पवित्र संगीताच्या दुसऱ्या मैफिलीत अॅलिस बाब्स ही स्वीडिश गायिका आहे. एलिंग्टनने तिच्याबरोबर १९६३ मध्ये पॅरिसला एक आल्बम केला होता, तिचा गळा त्याला पाठ होता. 'हेवन' ऐक. सुरावट अशा उड्या घेते की भल्याभल्यांचा स्वर हुकावा, आणि बाब्स त्या जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात इतक्या सहज घेते. त्याच संचातलं 'टी. जी. टी. टी.' पूर्ण शब्दविहीन आहे. म्हणजे १९२७ मध्ये अॅडलेड हॉलबरोबर जे सुरू झालं, १९४६ मध्ये 'ट्रान्सब्ल्युसन्सी'त के डेव्हिसच्या आवाजाने ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेटशी जे केलं, तो धागा चाळीस वर्षं तुटलेला नाही. गायकांसाठी त्याचे कान नव्हते, हे तुझं पहिलं विधान तू मागे घ्यायला हवंस.

शब्दांचं म्हणशील, तर ते बाळबोध आहेत, हे मी नाकारत नाही. पण ते कविता म्हणून वाचण्यासाठी लिहिलेलेच नाहीत. पहिल्या मैफिलीतल्या 'इन द बिगिनिंग गॉड'ची सुरुवातच घे. सहा अक्षरं, सहा सूर. कार्नीचा सॅक्सोफोन ते आधी मांडतो, मग गायक. त्यात काव्य शोधणं म्हणजे देवळातल्या गजरात उपमा शोधणं आहे. पुन्हा पुन्हा म्हणता यावं एवढंच त्या शब्दांचं काम.

आता तुझ्याच कानांची झडती घेतो. तुला आणि मला शब्दविहीन गळा इतका का भावतो? आपण ख्याल ऐकत वाढलो. बंदिशीचे दोन शब्द तासभर आलापात विरघळताना बघायची आपली सवय. शब्द मागे सरले की संगीत सुरू झालं, असं आपल्याला वाटतं. एलिंग्टनची परंपरा वेगळी आहे. चर्चमधला प्रवचनकार आणि ब्लूज गायक दोघंही तिथे शब्द सोडत नाहीत, तो दळत राहतात.

याहून अडचणीचा भाग पुढे आहे. १९४१ मध्ये लॉस एंजेलिसच्या मायन थिएटरात एलिंग्टनचा 'जंप फॉर जॉय' हा संगीतप्रयोग जवळपास तीन महिने चालला. रंगमंचावर काळ्या माणसाला हांजी हांजी करणारा नोकर म्हणून दाखवण्याच्या प्रथेची त्यात उघड टर उडवली होती. आयव्हीचं 'आय गॉट इट बॅड' त्यातलंच. आज ते गाणं प्रत्येक संग्रहात असतं आणि प्रयोगातली टोचणारी गाणी विस्मरणात गेली. शब्द नसलेला एलिंग्टन सगळ्यांना परवडतो. तो कुणालाच काही सुनावत नाही. आपल्याला त्याच्या वाद्यरचना निव्वळ संगीत म्हणून श्रेष्ठ वाटतात, की त्या ऐकताना आपल्याला कसलंच उत्तर द्यावं लागत नाही म्हणून?

संशयी : हा प्रश्न बोचतो, पण त्याला मी सौंदर्याचा निकष मानणार नाही. आदरापोटी ऐकणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. शिवाय वाद्यं सुनावत नाहीत हे एलिंग्टनलाच पटलं नसतं. 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' म्हणजे काळ्या माणसाच्या इतिहासाला सुरांतलं समांतर रूप, असं त्यानेच सांगितलं होतं. पाऊण तासाच्या त्या इतिहासात शब्द असलेलं गाणं किती? एखादंच. बाकीचा इतिहास पितळी वाद्यांनी सांगितला.

तरी तुझ्या दोन गोष्टी घेतो. गळा की वाद्य, हा प्रश्न चुकीचा होता. शब्द की निःशब्द, हाही पुरता बरोबर नाही, कारण 'द ब्लूज' त्यात बसत नाही. मग असं मांडू : हॉजेससाठी जसं लिहिलं तसं त्या विशिष्ट गळ्यासाठी लिहिलं आहे का? अॅडलेड हॉल, के डेव्हिस, अॅलिस बाब्स, बऱ्याचदा आयव्ही, यांच्यासाठी आहे. जिथे आधीच तयार असलेल्या रचनेवर गायकाला उभं केलं तिथे नाही. या चाळणीतून बहुतेक नावडत्या तबकड्या खाली गळतात.

चाहता : चाळणी चांगली आहे, पण तिला भोकं पडलीत. १९५६ चा 'ब्लू रोज' घे. रोझमेरी क्लूनी गरोदर होती, कॅलिफोर्नियातून हलू शकत नव्हती. बँडने न्यूयॉर्कमध्ये आपला भाग मुद्रित केला, स्ट्रेहॉर्न तिच्याकडे गेला आणि तिने कानाला हेडफोन लावून वर आपला आवाज चढवला. बँड आणि गायिका एका खोलीत आलेच नाहीत. गाणी बहुतेक जुनीच. तरीही तो आल्बम उभा राहतो.

उलट बाजूने 'लश लाइफ' बघ. स्ट्रेहॉर्नने तरुणपणी शब्द आणि सूर दोन्ही स्वतः लिहिले. तुझ्या कसोटीवर त्याहून चोख काही सापडणार नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये के डेव्हिसने ते गायलं, पियानोवर स्ट्रेहॉर्न. पण बँडची व्यावसायिक रेकॉर्ड म्हणून एलिंग्टनने ते कधीच काढलं नाही. घरात असं गाणं असताना त्याने 'फ्लेमिंगो' वाजवत राहावं, याचा उलगडा ना तुझ्या चाळणीने होतो, ना माझ्या भक्तीने.

संशयी : मग एकाच सुरावटीवर येऊ. 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज'मधली 'कम संडे'. १९४३ मध्ये ती जॉनी हॉजेसच्या सॅक्सोफोनवर आली. चर्चमध्ये जायला मज्जाव असलेले गुलाम बाहेर उभे राहून आतलं संगीत ऐकतात, असा प्रसंग. पंधरा वर्षांनी, १९५८ च्या आल्बममध्ये, त्याच सुरावटीवर शब्द घेऊन महालिया जॅक्सन गायली. तिच्या गळ्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण शब्द संपल्यावर ती एक अख्खा फेरा नुसता गुणगुणते, आणि त्या आल्बममधला सर्वांत मोठा क्षण तोच आहे. शब्दांची गरज नव्हती, हे महालियानेच दाखवलं.

चाहता : गुणगुणण्याला वजन येतं ते आधी तिने शब्द म्हणून ठेवले आहेत म्हणून. प्रार्थना झाल्यावर ती तोंड मिटून तीच पुन्हा म्हणते. थेट गुणगुणण्यापासून सुरू केलं असतं तर तो फक्त सुंदर आवाज झाला असता.

संशयी : मग हॉजेसचं काय? त्याच्या आधी तर कुणी शब्द म्हटले नव्हते.

चाहता : म्हटले होते. कार्नेगी हॉलमध्ये प्रत्येक भागाआधी एलिंग्टन उठून श्रोत्यांना सांगत होता की आता काय ऐकणार आहात. बाहेर उभ्या गुलामांची ती गोष्ट तुला तरी कुठून कळली?

संशयी : ती नंतर वाचली. व्हिक्टरने डिसेंबर १९४४ मध्ये या रचनेचे निवडक भाग तबकड्यांवर घेतले. तिथे निवेदन नाही, फक्त हॉजेस. मी ते आधी ऐकलं आणि गोष्ट कळण्यापूर्वीच हललो.

चाहता : त्या तबकडीच्या लेबलवर 'कम संडे' असं छापलेलं होतं. ते तू वाचलं होतंस की नव्हतं?